तेल घालूनही कडधान्याला भुंगा पुन्हा पुन्हा का लागतो: लक्षणे, तपासणी आणि उपाय

लक्षणे

हरभरा, तूर, मूग किंवा गहू कोठीत भरताना आपण कापसाच्या बोळ्यावर निलगिरीचे, लवंगेचे किंवा गवती चहाचे तेल घालून ठेवले. पहिले दोन-तीन आठवडे झाकण उघडताच तेलाचा वास येत होता आणि किडा एकही दिसत नव्हता. चौथ्या किंवा पाचव्या आठवड्यात मात्र झाकणाच्या आतल्या कडेला तपकिरी भुंगे जमलेले दिसले. आपण धान्य चाळले, पाखडले, नवे तेल घातले आणि पुन्हा तेवढ्याच दिवसांनी तोच प्रकार झाला.

याच्या सोबतीने आणखी काही खुणा दिसतात. अख्ख्या दाण्यावर खसखशीहून लहान, चिकटून बसलेले पांढरे ठिपके असतात. काही दाण्यांना सुईने कोरल्यासारखे अगदी गोल छिद्र असते. कोठीच्या तळाशी पिठासारखा भुगा साचतो. धान्यात कोपरापर्यंत हात घातला तर मधला भाग वरच्या थरापेक्षा उबदार लागतो. तांदळात किंवा रव्यात जाळे होऊन दाणे एकमेकांना चिकटतात, आणि जुन्या पिठाला गुलाबीसर छटा व उग्र वास येतो. यांपैकी कोणती खूण आपल्याकडे आहे हे आधी लिहून ठेवावे, कारण पुढची तपासणी त्यावर अवलंबून आहे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात बचत गटाच्या धान्यकोठ्या गेली नऊ वर्षे मी सांभाळते. दरवर्षी पोळ्याच्या आसपास गावातल्या बाया आणि शेजारच्या वाडीतले काकाजी हीच तक्रार घेऊन येतात, की तेल तर घातले होते, मग भुंगा आला कुठून? सुरुवातीची तीन वर्षे मलाही याचे उत्तर देता येत नव्हते आणि प्रत्येक वेळी मी तेलाचे थेंब वाढवत गेले. नंतर लक्षात आले की दोष क्वचितच तेलाच्या प्रमाणात असतो. तेलाची वाफ दाण्याबाहेर फिरणाऱ्या किड्याला मारते किंवा हुसकावते. दाण्याच्या आत बसलेल्या अळीपर्यंत ती पुरेशी पोहोचत नाही. जे धान्य भरतानाच आतून किडलेले आहे, त्यावर कितीही वासाचे तेल घातले तरी ते किडणारच. त्यामुळे खालील तपासण्या मी फुकटच्या आणि सोप्या कामापासून सुरू करते आणि खर्चाचे काम शेवटी ठेवते.

पहिली तपासणी: बाटलीत नेमके कोणते तेल आहे?

ही तपासणी एका कागदावर होते. पांढऱ्या कागदावर तेलाचा एक थेंब टाकून तो सावलीत एक दिवस ठेवावा. निलगिरी, पुदिना, गवती चहा, तिखाडी यांची सुगंधी तेले उडून जाणारी असतात; त्यांचा डाग दुसऱ्या दिवशी जवळजवळ नाहीसा होतो. कागद पारदर्शक आणि तेलकट राहिला, तर त्या बाटलीत एक तर दुसऱ्या तेलाची भेसळ आहे किंवा ते मुळात सुगंधी तेलच नाही. लवंगेचे तेल जड असल्यामुळे त्याला जास्त वेळ द्यावा लागतो, एवढा अपवाद लक्षात ठेवावा.

ही तपासणी पहिली असण्याला माझा अनुभव कारण आहे. एका वर्षी तालुक्याच्या ठिकाणच्या एका दुकानातून स्वस्त मिळाले म्हणून आम्ही निलगिरीच्या सहा बाटल्या आणल्या. वास चांगला होता, पण कागदावर आठ दिवसांनीही डाग तसाच होता. त्या वर्षी गटाचा दीड क्विंटल मूग गेला.

येथे एक गोंधळ दूर केला पाहिजे. कडुनिंबाचे, करंजाचे, एरंडीचे आणि शेंगदाण्याचे तेल ही बियांतून पिळून काढलेली तेले आहेत. ती उडत नाहीत. त्यांचे काम दाण्याला लेप म्हणून चोळल्यावरच होते. लेपामुळे दाण्यावर चिकटलेल्या अंड्याला हवा मिळत नाही आणि ते मरते. कडुनिंबात याशिवाय अझाडिरॅक्टिन हे किडीचे खाणे आणि वाढ रोखणारे द्रव्य असते. सुगंधी तेल याच्या उलट, वाफ होऊनच काम करते. निलगिरीतील सिनिओल, लवंगेतील युजेनॉल, ओव्यातील थायमॉल आणि गवती चहातील सिट्रल ही द्रव्ये किड्याच्या अंगावरील श्वासछिद्रांतून आत जातात आणि त्याच्या मज्जासंस्थेत बिघाड करतात. त्यांपैकी काही द्रव्यांचा परिणाम ऑक्टोपामिन नावाच्या रसायनाच्या कामावर होतो. किड्यांच्या शरीरात या रसायनाचे महत्त्व फार मोठे असते आणि माणसाच्या शरीरात फार थोडे, म्हणून ही तेले किड्याला जितकी घातक तितकी आपल्याला नसतात. अर्थात याचा अर्थ ती निरुपद्रवी आहेत असा नाही, त्याबद्दल पुढे लिहिले आहे. ज्याने कापसाच्या बोळ्यावर निंबोळी तेल टाकून कोठीच्या कोपऱ्यात ठेवले आहे, त्याने आणि ज्याने हरभऱ्याला निलगिरी चोळली आहे त्याने, दोघांनीही योग्य औषध चुकीच्या पद्धतीने वापरले आहे.

दुसरी तपासणी: झाकणातून वास बाहेर येतो का?

कोठी बंद करून एक रात्र जाऊ द्यावी आणि सकाळी त्या खोलीत शिरताना वास येतो का ते पाहावे. खोलीत वास दरवळत असेल तर पुष्कळ लोक समाधान मानतात, पण खरे तर ती वाईट खूण आहे. जी वाफ खोलीत आली ती कोठीत उरली नाही. दुसरा मार्ग असा की रिकाम्या कोठीत मोबाइलचा दिवा लावून ठेवावा, झाकण लावावे, खोलीत अंधार करावा आणि कोठून उजेड फटीतून येतो ते बघावे. आमच्या पत्र्याच्या कोठ्यांत तो बहुधा खालच्या धान्य काढण्याच्या तोंडाशी आणि वरच्या झाकणाच्या कडेला दिसतो. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून झाकणाच्या कडेला बसवली की निम्मे काम होते. फटीत कणकेचा लगदा मात्र कधीही भरू नये. तो वाळल्यावर पिठातल्या भुंग्याचे घर होतो.

बारदान्यात किंवा विणलेल्या प्लास्टिकच्या पोत्यात तेलाची वाफ दोन-चार दिवसांपेक्षा अधिक टिकत नाही, म्हणून पोत्यात सुगंधी तेल ठेवणे म्हणजे पैसे उन्हात वाळत घालणे आहे. शेणाने लिंपलेली बांबूची ढोली पोत्यापेक्षा बरी, पण तिचेही लिंपण तडकलेले असेल तर तोच प्रकार होतो. ज्यांच्याकडे फक्त पोती आहेत, त्यांनी सुगंधी तेलाच्या भानगडीत न पडता थेट खाली दिलेल्या लेपाच्या पद्धतीकडे जावे.

तिसरी तपासणी: किडा कोणता आहे?

दहा-बारा किडे पांढऱ्या ताटलीत घेऊन उजेडात पाहावेत. याला काही खर्च नाही आणि अर्ध्या चुका इथेच टळतात.

कडधान्यावरचा भुंगा लहान, मागे रुंद होत जाणारा आणि तपकिरी असतो, आणि त्याचे पंख पोटाच्या टोकापर्यंत पुरत नाहीत. तो साठ्यात काहीही खात नाही. एक-दोन आठवडे जगून अंडी घालून मरतो. सगळे नुकसान त्याची अळी दाण्याच्या आत बसून करते. गव्हातला, तांदळातला आणि ज्वारीतला सोंडा त्याच्या लांब सोंडेवरून लगेच ओळखू येतो. त्याची मादी दाण्याला छिद्र पाडून आत अंडे ठेवते आणि छिद्र चिकट पदार्थाने बुजवते, म्हणून दाण्यावर अंडे दिसतच नाही आणि लेपाचा उपयोगही त्या अंड्यावर फारसा होत नाही. लांबट, नळीसारखा, डोके खाली वाकलेला काळपट भुंगेरा गव्हात भरपूर पीठ सोडतो. तांबूस, चपटा भुंगेरा फुटके दाणे आणि पीठ खातो. तो दिसला की त्याच्या आधी दुसरी कोणती तरी कीड येऊन दाणे फोडून गेली आहे किंवा धान्यात चुरी फार आहे असे समजावे. तांदळात जाळे करणारा पतंग वेगळा. त्याच्या अळ्या जाळ्यासकट काढून टाकाव्या लागतात.

केसाळ, तपकिरी पट्ट्यांच्या अळ्या आणि त्यांनी टाकलेल्या कातींचा थर वरच्या भागात व भिंतीच्या भेगांत दिसला, तर तो खापरा भुंगेरा आहे. त्याच्या अळ्या अन्नाशिवाय भेगांमध्ये वर्षानुवर्षे सुप्त राहू शकतात, अतिशय कोरड्या धान्यातही त्या जगतात आणि तेलाची वाफ त्यांना पुरत नाही. खापरा ओळखू आल्यास येथेच थांबावे आणि लेखाचा शेवटचा भाग वाचावा.

चौथी तपासणी: धान्य खरेच कोरडे आहे का?

दाणा दाताखाली धरून पाहावा. तो कट्ट आवाज करून तुटला पाहिजे, दबला जाता कामा नये. थोडी अधिक खात्री हवी असेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर धान्य आणि चमचाभर कोरडे मीठ घालून दहा मिनिटे हलवावे. मीठ बाटलीच्या काचेला चिकटले तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे, म्हणजे धान्य साठवण्याच्या लायकीचे नाही. मीठ चिकटले नाही म्हणून मात्र निर्धास्त होऊ नये, कारण गव्हाचा ओलावा १२ टक्क्यांच्या आत आणि कडधान्याचा ९ ते १० टक्क्यांपर्यंत हवा, आणि एवढा बारीक फरक मिठाने कळत नाही. त्यासाठी बाजार समितीत, आडतीत किंवा डाळ मिलवर ओलावा मोजण्याचे यंत्र असते. शंभर ग्रॅम धान्य घेऊन गेले तर कोणीही मोजून देतो.

ओल्या धान्यात किडीची वाढ वेगाने होते, आणि बंद कोठीत तो ओलावा झाकणाखाली जमून वरच्या थराला बुरशी लागते. तेलाने बुरशीचा वास झाकला जातो, ही त्यातली सर्वांत धोक्याची गोष्ट आहे. काळी-हिरवी बुरशी आलेले धान्य खाऊ नये आणि ढोरांनाही घालू नये. त्यातले विष धुऊन किंवा शिजवून जात नाही.

पाचवी तपासणी: जुनी कोठी, जुना बारदाना

नवे धान्य जुन्या धान्यावर ओतले असेल तर पुढचे काही तपासण्याची गरज नाही, कारण तेच आहे. कोठीच्या कोपऱ्यातली चुरी ब्रशने काढावी, कोठी दिवसभर मे महिन्याच्या उन्हात उघडी ठेवावी, बारदाना उकळत्या पाण्यातून काढून कडक वाळवावा. भिंतीला टेकवून पोती रचू नयेत आणि खाली लाकडी फळ्या घालाव्यात.

सहावी तपासणी: कीड आतून निघते की बाहेरून येते?

ही तपासणी मला सर्वांत मोलाची वाटते आणि तिच्यासाठी एक काचेची बरणी आणि महिनाभराचा धीर एवढेच लागते. कोठी भरतानाच त्यातले अर्धा किलो धान्य नीट चाळून बरणीत घ्यावे, त्यात कोणतेही तेल घालू नये, तोंडाला दुहेरी मलमल घट्ट बांधावी आणि बरणीवर तारीख लिहून सावलीत ठेवावी. मलमलीतून बाहेरचा किडा आत जाऊ शकत नाही. महिना-सव्वा महिन्यात बरणीत भुंगे दिसले, तर ते दाण्याच्या आतूनच निघाले. बरणी स्वच्छ राहिली आणि कोठीत मात्र भुंगे झाले, तर कीड झाकणातून, जुन्या चुरीतून किंवा शेजारच्या पोत्यातून आली.

महिनाच का, हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण तेल घातल्यावर चौथ्या-पाचव्या आठवड्यात भुंगा परत का येतो याचे उत्तर त्यातच आहे. कडधान्यावरच्या भुंग्याची मादी दाण्याच्या सालीवर साधारण शंभरापर्यंत अंडी चिकटवते. ताजे अंडे जवळजवळ पारदर्शक असते आणि सहज दिसत नाही. अंड्यातून निघालेली अळी बाहेर येतच नाही. ती अंड्याच्या तळातून थेट दाण्याची साल पोखरून आत जाते आणि पोखरताना निघालेला भुसा मागे रिकाम्या टरफलात भरते. त्या भुशामुळे अंडे पांढरे दिसू लागते. म्हणजे आपल्याला पांढरा ठिपका दिसतो तेव्हा अळी आत शिरून गेलेली असते. पुढे ती दाण्यातच वाढते, कोष करते आणि सालीला गोल खिडकी पाडून भुंगा होऊन बाहेर येते. सुमारे ३० अंश तापमानात हे सगळे साडेतीन ते चार आठवड्यांत पूर्ण होते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात घरातले तापमान नेमके त्याच्या आसपास असते.

आता तेलाचा हिशेब लावून पाहावा. बोळ्यातले तेल दोन-तीन आठवड्यांत उडून जाते किंवा धान्यात शोषले जाते. त्या काळात बाहेर असलेले भुंगे मरतात, म्हणून कोठी स्वच्छ दिसते. आतल्या अळ्या मात्र सालीच्या आड वाढत राहतात आणि वाफ संपल्यावर बाहेर पडतात. तूर, मूग आणि चवळी यांच्या शेंगा शेतात वाळत असतानाच भुंगा त्यांवर अंडी घालतो, त्यामुळे खळ्यावरून आलेले अगदी नवे, स्वच्छ दिसणारे धान्यही आतून किडलेले असू शकते. डाळ करून ठेवलेल्या तुरीला हा भुंगा अख्ख्या तुरीपेक्षा कमी लागतो, हेही येथे सांगितले पाहिजे; शक्य असेल तर वर्षाची डाळ उन्हाळ्यातच भरडून घ्यावी.

उपाय: आधी उष्णता, मग तेल

आतल्या अळीला मारण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग विदर्भाच्या उन्हाळ्यात फुकट मिळतो. पण नुसते ताडपत्रीवर धान्य पसरून ऊन दाखवणे पुरेसे नाही. तसे केले की भुंगे चालत-उडत सावलीत जातात आणि अळ्या आत जिवंत राहतात. जमिनीवर आधी गोणपाटाचा थर, त्यावर काळे प्लास्टिक, त्यावर दोन बोटे जाडीचा धान्याचा थर आणि वरून पारदर्शक प्लास्टिक अंथरून चारी कडा विटांनी दाबाव्यात. ५७ अंश तापमान तासभर मिळाले की कडधान्यावरच्या भुंग्याच्या सर्व अवस्था मरतात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे सावलीतले तापमान ४५ अंशांच्या घरात जाते तेव्हा प्लास्टिकखाली हे सहज साधते. थरात खुपसायचा साधा तापमापक मिळाला तर अंदाजावर राहावे लागत नाही. मी सकाळी ११ ते दुपारी ४ पर्यंत ठेवते आणि मध्ये एकदा थर हलवते.

त्यानंतर धान्य सावलीत पसरून पूर्ण थंड होऊ द्यावे. गरम धान्य कोठीत भरून झाकण लावले तर रात्री आत घाम धरतो आणि सगळी मेहनत वाया जाते. बियाण्यासाठी ठेवलेल्या धान्यावर हा प्रयोग सरसकट करू नये; आधी थोडे धान्य तापवून त्यातले १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते मोजावे.

पावसाळ्यात ऊन नसते. घरात उणे १८ अंशांपर्यंत जाणारा डीप फ्रीझर असेल तर पाच-सात किलो धान्य घट्ट पिशवीत आठवडाभर ठेवता येते. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर दाण्यांवर पाणी धरते.

उष्णता दिलेल्या धान्याला पुन्हा अंडी लागू नयेत यासाठी आता तेल. अख्ख्या कडधान्याला दर किलोला ५ मिलिलिटर शेंगदाण्याचे, एरंडीचे किंवा निंबोळीचे तेल हाताने इतके चोळावे की प्रत्येक दाणा चकाकला पाहिजे. निंबोळी तेलाची कडू चव राहते, म्हणून खाण्याच्या धान्याला मी शेंगदाण्याचे वापरते आणि बियाण्याला निंबोळीचे. हा लेप पोत्यातही टिकतो आणि गरीब घरासाठी माझी पहिली शिफारस तीच आहे.

सुगंधी तेल वापरायचे असेल तर घट्ट कोठीतच. प्रयोगशाळेत ही तेले हवेच्या प्रत्येक लिटरला मायक्रोलिटरच्या मापात काम करतात, परंतु ते आकडे पुष्कळदा रिकाम्या बरण्यांमधले असतात. भरलेल्या कोठीत दाणे स्वतःच वाफ शोषून घेतात, त्यामुळे घरी जास्त तेल लागते आणि एकाच बोळ्याने सगळीकडे वाफ पोहोचत नाही. मी २० किलोच्या डब्यात तळाशी, मध्ये आणि वर अशा तीन सुती पुरचुंड्या ठेवते, प्रत्येकीत कापसाच्या बोळ्यावर दहा थेंब. २० थेंबांचे साधारण एक मिलिलिटर होते. वरची पुरचुंडी दर तीन आठवड्यांनी बदलते, निदान पहिले दोन महिने तरी, म्हणजे एखादी उरलेली अळी भुंगा होऊन बाहेर आली तर तिला अंडी घालायला सवड मिळत नाही. बोळा दाण्याला थेट लागू देऊ नये. थर्मोकोल आणि काही प्लास्टिक या तेलांनी विरघळते, म्हणून डबा स्टीलचा किंवा पत्र्याचा असावा.

तेल कोणते निवडावे, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. गवती चहा आणि निलगिरी यांचा वास शिजवताना उडून जातो. लवंग प्रभावी आहे, पण तिचा वास वरणात उरतो. मेळघाट आणि सातपुड्याच्या रानात वाढणाऱ्या तिखाडी गवताचे, म्हणजे रोशाचे तेल आपल्याच भागातले आहे आणि त्यातले जिरॅनिऑल किड्यांना दूर ठेवते. ते शुद्ध मिळाले तर मी तेच घेते. बियाण्याच्या कोठीत मात्र कोणतेच सुगंधी तेल ठेवू नये, कारण सिट्रल आणि थायमॉलसारखी द्रव्ये जास्त प्रमाणात उगवण दाबतात.

वेखंडाबद्दल वेगळे लिहिणे भाग आहे, कारण आपल्याकडे ते सर्रास सुचवले जाते. ते किडीवर जोरदार चालते हे खरे, पण भारतीय वेखंडाच्या तेलात बीटा-असारोन मोठ्या प्रमाणात असते. उंदरांवरील प्रयोगांत त्याने गाठी झाल्याचे दिसल्यावर १९६८ मध्ये अमेरिकेने वेखंडाचा खाद्यपदार्थांतील वापर बंद केला. खाण्याच्या धान्यात ते घालू नये. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा करते, तीही नको. पाऱ्याच्या गोळ्या, बोरिक पावडर आणि डांबर गोळ्या स्वयंपाकाच्या धान्याजवळही आणू नयेत.

सुगंधी तेलाची बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. निलगिरीचे किंवा कापराचे तेल थोडेसे पोटात गेले तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात. अशा वेळी उलटी करवण्याचा प्रयत्न न करता बाटली सोबत घेऊन लगेच दवाखान्यात न्यावे. ही तेले पेट घेतात, म्हणून चुलीजवळ पुरचुंड्या भरू नयेत.

कोठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

खापरा भुंगेरा दिसला, साठा काही क्विंटलांचा आहे आणि बरणीत भुंगे निघत आहेत, धान्याचा मधला भाग तापला आहे, किंवा उष्णता व तेल दोन्ही नीट करूनही दुसऱ्या महिन्यात कीड परत आली, तर घरगुती उपाय तेथेच थांबवावेत. मूठभर किडलेले धान्य बंद बाटलीत घालून जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात दाखवावे. मोठ्या साठ्याला धुरी द्यायची असेल तर परवानाधारक कीड नियंत्रकाला किंवा वखारीच्या लोकांनाच बोलवावे.

या टप्प्यावर हताश होऊन लोक ॲल्युमिनिअम फॉस्फाइडच्या, ज्यांना गावात सल्फासच्या गोळ्या म्हणतात, त्या आणून कोठीत टाकतात. कृपा करून असे करू नये. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून हवेतल्या ओलाव्याने एक ग्रॅम फॉस्फिन वायू निघतो आणि त्या विषावर उतारा नाही. कायद्यानेही या गोळ्या सरकारी यंत्रणा आणि कीड नियंत्रक यांच्याशिवाय कोणी वापरायच्या नाहीत. ज्या घरात माणसे झोपतात तेथे ठेवलेल्या कोठीत त्या टाकल्या, तर वायू त्याच फटींतून बाहेर येतो ज्यांतून आपले तेल उडून जात होते.

धान्याच्या खोलीत लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास आला आणि कोणाला मळमळ, चक्कर किंवा धाप लागली, तर कोठी उघडून पाहण्यात वेळ घालवू नये. लेकरांना उचलून सगळ्यांनी घराबाहेर मोकळ्या हवेत यावे, दारे उघडी टाकावीत, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि कोठीत कोणत्या गोळ्या किती टाकल्या होत्या हे डॉक्टरांना न लपवता सांगावे.